विसावं वाक्य

आमच्या घरात पुढचं बोलायला बंदी होती. रिसोडच्या वेशीवर आमची वाडी, म्हणजे भाजीपाल्याचा मळा. विहीर, तिच्यावर मोटरपंप, वांगी, भेंडी, दोडके, काकड्या, पालक आणि बाराही महिने सांबार, ज्याला तुम्ही लोक कोथिंबीर म्हणता. दोडक्याच्या वेलाला करंगळीएवढी फळं लागली की त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलं की फळ पिवळं पडतं आणि गळतं, असं माय म्हणायची, आणि माय म्हणाली म्हणजे झालं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून पेरानं दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलं तर तेच बोट मायसमोर दातांत धरायचं आणि ती "सोड" म्हणेस्तोवर सोडायचं नाही. माय घाईनं "सोड" म्हणणारी बाई नव्हती. एकदा मी नव्या काकडीकडे बोट केलं तर ती आपली भाकर थापत बसली. एक थापली, दुसरी थापली, तव्यावरची उलटली, आणि माझ्या तोंडात रक्ताची चव आली तेव्हा म्हणाली, "आता ध्यानात राहीन." त्या बोटावर अजून वण आहे. पुढे त्याच बोटानं मी तीसेक वर्षं खडू धरला.

वेलाचं जे, तेच सगळ्याचं. गिऱ्हाइकानं विचारलं, पुढच्या बाजारी भेंडी आणता का, तर बाबा नुसतं "पाहू" म्हणायचे. वाफ्यात बी टाकताना कुणी तोंड उघडायचं नाही. एक पाहुणा जेवता जेवता म्हणून गेला, "यंदा वांगे जोरात होतीन तुमचे," तर त्याची पाठ फिरताच मायनं मीठ-मिरच्या मुठीत घेऊन सगळ्या वाडीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. ठसक्यानं आम्ही सगळे बाहेर पळालो. ती एकटी आत बसून राहिली, डोळ्यांतून पाणी गळतंय पण जागची हलत नाही. अशी आमची माय. लोकांना अशा घराची गंमत वाटते, लग्नात-बारशात मी हे सांगितलं की सगळे हसतात. मला काही हसू येत नाही.

दहावीत मला इंग्रजीची शिकवणी लावली. बाबांना वाटायचं पोरगी एकदाची दहावी पास व्हावी. मायला वाटायचं पोरगी वाडीत बसावी आणि सांबाराच्या जुड्या बांधाव्या. दोघांचं जमलं ते एवढ्यावर, की इंग्रजीत नापास झाली तर शिक्षण खलास. शिकवणी एका पिठाच्या चक्कीच्या वरच्या खोलीत भरायची. खाली चक्कीचा पट्टा फटफट वाजायचा, फरशी थरथरायची, आणि संध्याकाळी घरी आलं की केसांत ज्वारीचं पीठ. सर पांढऱ्या पँटीत यायचे आणि त्या पिठातही त्यांची पँट पांढरीच राहायची. त्यांना मुलांना मारायची गरज पडत नसे, त्यांचं बोलणंच पुरायचं.

त्या खोलीत मला इंग्रजीतला भविष्यकाळ भेटला, आणि मी अक्षरशः तोंडात बोट घातलं. आमच्या घरात जे एका तऱ्हेनंही बोलायचं नाही, ते हे लोक चार तऱ्हांनी बोलत होते! मनात ठरवलं की 'विल'. आभाळ काळं झालं, पाऊस आता येतोच म्हटलं की 'गोइंग टू'. आज वाशीमला जायचं पक्कं झालं की 'आय ॲम गोइंग'. आणि गाडीच्या वेळापत्रकाचं असेल तर साधा वर्तमानकाळच लावून टाकायचा, 'द बस लीव्ज ॲट सिक्स.' रिसोडच्या स्टँडवरून सहाची एसटी सहाला सुटते हे ऐकून सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पाच-पाच वाक्यं स्वतःविषयी लिहून आणायला सांगितली.

मी लिहिलं, 'आय विल बी अ टीचर.' दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही उचलली, वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या नखांत माती होती, ती त्यांनी पाहिली. "टीचर," ते म्हणाले. "भाजीवाल्याची पोर टीचर. चूक आहे हे वाक्य. लिही. यू आर गोइंग टू सेल ब्रिंजल्स." पोरं बाकं बडवून हसली. मला ते वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहायला लावलं. तू वांगी विकणार आहेस, तू वांगी विकणार आहेस. दहाव्यांदा लिहिताना माझं अक्षर सगळ्यात सुबक आलं होतं. त्या दिवसापासून वांग्याचं डालं दिसलं की मी वाट बदलायची.

त्याच हिवाळ्यात अक्का माहेरी आली. माझी मोठी बहीण विमल, तिला मी अक्का म्हणायची. सातवीत तिची शाळा सोडवली होती, कारण जुड्या बांधायला कुणीतरी लागायचं, आणि धाकटी म्हणून मी वाचले. सतराव्या वर्षी तिला आसेगावला दिली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात सासू स्वतः तिला सोडायला आली. बसली नाही, चहा घेतला नाही, अंगणात उभ्यानंच मायला म्हणाली, "पोरगं घेऊन आली तं दार उघडं हाय. नाई तं तुमची पोरगी तुमच्यापाशीच ठेवा. माह्या पोराले आमी दुसरी पाहू." पुढचं बोलायची बंदी सासवांना नसते.

मायनं त्याच दिवशी घराला दम भरला. पोटाचं नाव काढायचं नाही. दुपटं शिवायचं नाही, पाळणा काढायचा नाही, मुलगा का मुलगी हे तोंडावर आणायचं नाही. अक्काला दूध-भाकर आणि वर गुळाचा खडा, आम्हाला भाकर आणि ठेचा. अक्काच्या पायांवर सूज असायची, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा, पण तिला कुणी "किती दिवस राहिले" हेसुद्धा विचारायचं नाही. बिचारी पोटावर हात ठेवून बसायची आणि माय आली की हात काढून घ्यायची. आपलंच पोट, पण चोरीचा माल असल्यासारखं.

दुपारी माय बाबांसोबत वाडीच्या पार त्या टोकाला असायची. आम्ही दोघी विहिरीजवळच्या लिंबाखाली ओल्या सुतळीनं जुड्या बांधायचो आणि मी शिकवणीचा अभ्यास मोठ्यानं म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्का म्हणाली, "काय बडबडून राह्यली व नंदा?"

"भविष्यकाळ आहे."

"म्हंजे पुढचं?" तिनं मान वळवून माय कुठं आहे ते पाहिलं. "मायले समजन का हे?"

"काय समजते तिले? नाई समजत."

"देवाले?"

मी खो खो हसले. "देव काय शिकवणीले जाते का, अक्का?"

ती हसली नाही. एक जुडी बांधून झाली, दुसरी झाली, मग म्हणाली, "मंग मले शिकव."

पहिलं वाक्य मी तिला सांगितलं, 'द बेबी विल कम.' तिनं ते म्हटलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. मग बोळा काढून पुन्हा म्हटलं. अहो, ते तोंड मी विसरू शकत नाही, चोरून बोरं खाल्लेल्या पोरीसारखं. तिथून तिला वेडच लागलं. दोन-तीन दिवसांनी एखादं वाक्य ती वऱ्हाडीत आणायची, मी त्याचं इंग्रजी करून द्यायची, आणि ती ते माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. सातवीपर्यंतची अक्षरं तिच्या हातात तशीच्या तशी होती. त्याले वाचता येईन. ही विल रीड. तो एसटीनं वाशीमले जाईन. तो वाडीत राबणार नाई. त्याच्या पायात बूट राहीन. एक दिवस म्हणाली, "त्याचं नाव प्रकाश राहीन." मी दचकले, म्हटलं, "अक्का, नाव नको व घेऊ." तर म्हणते कशी, "मराठीत थोडंच घेऊन राह्यली मी? लिव. हिज नेम विल बी प्रकाश." महिन्याभरात ती माझ्यापेक्षा सफाईनं बोलायला लागली. मला एकीकडे कौतुक वाटायचं आणि दुसरीकडे, खरं लिहायला बसलेय तर खरंच लिहिते, माझा जळफळाट व्हायचा. शिकवणीला मी जायची, शिव्या मी खायची, आणि शोभायचं तिच्या तोंडी.

विसावं वाक्य तिनं मला न विचारता लिहिलं. वहीवर तळहात ठेवून म्हणाली, "हे माह्या मनानं जमवलं. आज नाई, मंग पाह्यजो." वही तिनं गोधडीखाली सरकवली. दोन दिवसांनी पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या.

मुलगा झाला. दीड दिवस होता. डॉक्टरीणबाईंनी बाबांना नीट समजावलं की बाळाच्या काळजातच जन्मापासून खोट होती, यात कुणाची चूक नाही, कुणाच्या हाती काही नव्हतं. बाबांनी मान हलवली. माय बाजूला उभी होती, तिनं मान हलवली नाही. कुणाची चूक नाही असं काही जगात असतं हे तिला मंजूरच नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी आसेगावहून सासू आली. सोबत तिची जाऊ आणि दोन बाया. अंगणात सतरंजी टाकली. अक्का भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरत होते. चार बायांनी ते पाहिले आणि कुणी तिच्या अंगावर पदर ओढला नाही. मीही नाही. सासूनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि म्हणाली, "तिसरं गेलं. मले एवढंच सांगा, घरात कोन बोललं?"

मग माय वळली, सरळ माझ्याकडे. "हीच बोलली असंन," ती म्हणाली. "हिच्या जिभेले हाड नाई. लहानपनापासून बोटं दाखवते कार्टी." आणि तिथंच, त्या बायांसमोर, तिनं निकाल लावला. "उद्यापासून शाळा बंद. शिकवनी बंद. डालं घेऊन बाजारात बस."

दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे तो फळा आला आणि फळ्यावरचं ते सुबक अक्षर. इथं मला एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे, कारण म्हातारपणी माणसं आपल्यावर दया करून लिहितात. मला ठाऊक होतं की बोलल्यानं मूल मरत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाचा धडा होता, त्याची आकृती मला न पाहता काढता यायची. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला बाबांपेक्षा जास्त कळलं होतं. त्या अंगणात हे कळणारी मी एकटी होते. आणि मी आत गेले, अक्काच्या गोधडीखालून वही काढली आणि बाहेर आले.

"मी नाई बोलली," मी म्हणाले. "अक्का बोलत होती. हे पाहा, लिहून ठेवलं हाय तिनं."

सासूनं वही उलटीसुलटी केली. "वाच."

"इंग्रजीत हाय."

"मंग मराठीत सांग ना व. शिकलेली हाय नं तू?"

मी उभी राहिले, शिकवणीत उभी राहायची तशी, पाठ ताठ करून. आधी इंग्रजी वाक्य वाचायचं, मग त्याचा अर्थ सांगायचा. बाळ येईल. बाळ मुलगा असेल. त्याला वाचता येईल. त्याच्या पायात बूट असतील. एका एका वाक्याला बाया "अगं माय" करत तोंडावर हात घेत होत्या. नावाचं वाक्य आलं तेव्हा माय मटकन खाली बसली. आणि मला, काय सांगू, मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. मी एका ठिकाणी अडखळले नाही. सरांनी ऐकायला हवं होतं, असंसुद्धा मनात आलं. समोर माझी बहीण चोळी भिजवत बसली होती आणि मी माझ्या इंग्रजीवर खूश होते. बारा, तेरा, चौदा. अक्का एकदाही माझ्याकडे पाहत नव्हती, ती जमिनीकडे पाहत होती आणि तिचे ओठ माझ्यासोबत हलत होते. तिला सगळी पाठ होती.

एकोणिसावं झालं. खाली विसावं होतं, ते मी पहिल्यांदाच पाहत होते. मी ते मनात वाचलं आणि वही मिटली.

"झालं?" सासूनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

"हिले कोनं शिकवलं हे?" आता सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या, मायसुद्धा. तेव्हा अक्कानं पहिल्यांदा मान वर केली आणि सासूला म्हणाली, "कोनं नाई शिकवलं. सातवीत शिकली होती मी."

सासूनं मला विचारलं, "शिकवते का असं सातवीत?"

सातवीत आम्हाला मांजराची गोष्ट होती आणि फळांची नावं. "हो," मी म्हणाले, "शिकवतात."

मायनं वही माझ्या हातून ओढली आणि आंघोळीच्या पाण्याखाली पेटलेल्या चुलीत घातली. सासू उठली, पदर झटकला आणि अक्काकडे न पाहता निघून गेली. त्याच उन्हाळ्यात आसेगावला दुसरी सून आली. बाबा एकदा समजवायला गेले होते, त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं.

माझी शाळा बंद झाली नाही. इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. पुढे वाशीमला शिकले, मास्तरीण झाले, पेन्शनीत निघाले. आणि रिसोडच्या बाजारात वांग्याचं डालं घेऊन अक्का बसली, ती आजतागायत. सरांचं वाक्य खरं झालं, फक्त माणूस चुकलं. भविष्यकाळाचा धडा मी दरवर्षी शिकवला. उदाहरणं गाडीची द्यायची, पावसाची द्यायची. घरची वाक्यं लिहून आणा असं कुण्या पोराला मी कधी म्हटलं नाही. अक्का माझ्याशी कधी भांडली नाही. घरी गेलं की "जेवली का", निघताना "भाजी घेऊन जाय", एवढं बोलायची. तिनं झिंज्या धरून चार थपडा ठेवून दिल्या असत्या तर मी सुटले असते. ते तिला कळत असावं.

मायला जाऊन बरीच वर्षं झाली. हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, अक्काला विचारल्याशिवाय कसं लिहावं? म्हणून मागच्या बाजारच्या दिवशी गेले. ती आपल्या जागेवर बसली होती, शेजारी नेहमीची बांगड्यावाली चाची. मी पिशवी टेकवून तिच्याजवळ गोणपाटावर बसले आणि म्हणाले, "अक्का, मी आपलं लहानपणाचं लिहून राह्यली. त्यात तुहं येते. लिहू का?"

"त्या दिवसाचं?"

"हो."

तिनं सांबाराची जुडी बांधली, पाण्याचा हबका मारला, दुसरी घेतली. बोटं अजून तशीच चालतात. "वीस होते," ती म्हणाली. "तू एकोनीस वाचले."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याविषयी बोलत होती.

"विसावं वाच," ती म्हणाली.

"इथं? लोक आहेत, अक्का."

"तवा बी होते."

वही नव्हती, पण वहीची गरज कुणाला होती? मी म्हणाले, "नंदा विल नॉट टेल एनीबडी."

"मराठीत सांग. तवा मराठीत सांगतलं ना सगळं?"

"नंदा कोणाला सांगणार नाही."

चाचीनं बांगड्या पुसता पुसता मान वर केली, "क्या हुआ, बहन?" एक बाई येऊन वांगी चाचपायला लागली, अक्कानं तिला भाव सांगितला, तराजू धरला, दोन वांगी वरून टाकली आणि पैसे गुडघ्याखाली सरकवले. बाई गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लिव आता. तुले तं सांगाची सवयच हाय."